परसातली बदकं दोन दिवसांत मान टाकू लागली तर

तुमची हकीकत थोडक्यात अशी. रोहा तालुक्यात घर, परसात अकरा बदकं. बहुतेक खाकी कॅम्पबेल, दोन मस्कोव्ही, सगळी वर्षाच्या पुढची. परसाच्या टोकाला शेततळं, मे महिना असल्याने गुडघाभर पाण्यावर आलेलं. शनिवारी सकाळी दोन बदकं काठावर मेलेली सापडली, रविवारी एक पाण्यात तरंगताना दिसलं. आज सोमवारी तीन बसून आहेत. उठवलं तर पायावर भार घेत नाहीत आणि एकीची मान जमिनीला टेकली आहे. जखम नाही, आदल्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी नीट खाल्लं होतं. त्याच परसातल्या कोंबड्या ठणठणीत आहेत, पण त्या तळ्याकडे फिरकत नाहीत. शेजारी म्हणतात मानमोडी आली. औषधांच्या दुकानातून एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणून तुम्ही पाण्यातून सुरू केलंय. विचारता की हे काय आहे, उरलेली वाचतील का आणि अंडी खायची का.

कारणं मागाहून सांगतो, आधी आजचं काम. चालती-फिरती पाच बदकं आत्ताच तळ्यापासून तोडा. जाळी मारा, कामट्यांचं कुंपण घाला, नाहीतर सरळ खुराड्यात कोंडा. बदकाला पाण्याशिवाय ठेवू नये हे खरं आहे, पण म्हणून त्याला तळंच लागतं असं नाही. नाकपुड्यांपर्यंत चोच बुडेल एवढं खोल घमेलं चार-सहा आठवडे सहज पुरतं. त्यात विहिरीचं ताजं पाणी दिवसातून दोन-तीनदा बदला. मग काठाने एक फेरी मारून मेलेलं जे जे असेल ते शोधा. बदकच असेल असं नाही. मासा, बेडूक, घूस, विरोळा, काहीही असेल. काठावरच्या गवतात आणि सुकलेल्या गाळाच्या भेगांत काठीने ढोसून बघा. वास कुठून येतो तिकडे आधी जा. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातांना बांधा, तोंडाला फडकं लावा. बाजूला केलेल्या मेलेल्या बदकाला कुत्रं, कावळा किंवा माशी शिवणार नाही अशा बेताने झाकून ठेवा. पुरायची घाई करू नका, त्याचं काम अजून बाकी आहे. आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा. तिथे कोणी उचललं नाही तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाला कळवा.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय बोट्युलिझमवर आहे. हा एका बदकाकडून दुसऱ्याकडे उडून जाणारा आजार नाही, ही विषबाधा आहे. सगळ्यांनी एकाच ठिकाणी तोंड घातलं म्हणून सगळी आजारी पडतात. तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात: पाय आधी गेले आणि मान नंतर, शेवटपर्यंत खाणं चालू होतं, तळं आटलेलं आणि तापलेलं आहे, आणि कोंबड्या सुटल्या. कोंबडीलाही हे विष बाधतं, पण ती गाळात चोच घालायला गेलीच नाही. पाण्यात तरंगत सापडलेलं बदक बहुधा बुडून मेलं असणार. बदक बुडतं हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण मान उचलून धरायची ताकद गेली की चोच पाण्यात जाते आणि ते तिथेच गुदमरतं.

यामागचा जंतू क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू गाळात वर्षानुवर्षं पडून असतात आणि एरवी कोणाला काही करत नाहीत. हवा नसलेली जागा, ऊब आणि कुजणारं मांस ही तिन्ही एकत्र आली की तो वाढतो आणि विष बनवतो. मे महिन्यातलं आटतं तळं त्याला हवं तसंच असतं. पाणी कमी झालं, कोमट झालं, मासे तडफडून मेले, शेवाळ कुजलं, की गाळात त्याचा कारखाना सुरू. पण खरा घात करतात त्या अळ्या. एखादं बदक किंवा घूस मेली, तिच्यावर माशा बसल्या, अळ्या पडल्या. अळीच्या अंगात ते विष साठतं, अळीला काही होत नाही. बदकाला अळी म्हणजे मेजवानी. मूठभरही लागत नाहीत, मोजक्या अळ्यांनीही मोठं बदक आडवं होऊ शकतं. ते मेलं की त्याच्या अंगात तोच जंतू वाढतो, त्याच्यावर पुन्हा अळ्या पडतात आणि पुढच्या बदकाचं ताट वाढलं जातं. म्हणून मी औषधाच्या आधी मेलेलं उचला म्हणतो. या साखळीत तुमच्या हातात असलेली कडी तेवढी एकच.

राजस्थानातल्या सांभर सरोवरावर २०१९ च्या नोव्हेंबरात १८,००० हून अधिक स्थलांतरित पक्षी मेले, ते याच कारणाने. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने बोट्युलिझमचं निदान केलं आणि काठावरचे मृत पक्षी उचलून पुरण्यावर मोठी यंत्रणा लावावी लागली. तिथल्या मैलोन्‌मैल काठाच्या मानाने तुमचं तळं एका फेरीत साफ होईल एवढं आहे, हे नशीबच.

आता बसलेल्या तीन बदकांकडे नीट बघा, कारण बोट्युलिझम आहे की दुसरं काही याचा अर्धा उलगडा तिथेच होतो. बदक दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून उचला आणि मांडीवर घ्या. पायाच्या पडद्याला चिमटा काढा. बोट्युलिझममध्ये त्याला कळतं, डोळा हलतो, पण पाय ओढून घेता येत नाही किंवा अगदी सावकाश घेतं. पंख सोडून बघा, तो स्वतःहून मिटत नाही, ओल्या फडक्यासारखा लोंबत राहतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून येणारा पांढरट पडदा अर्ध्यावर अडकलेला दिसतो. चोच उघडली तर विरोध नसतो, जीभ सैल. आणि तरीही बदक शुद्धीवर असतं, तुमच्याकडे बघत असतं. कुठे आचका नाही, थरथर नाही. ढुंगणाभोवती हिरवट विष्ठा चिकटलेली असेल, पण त्यावरून काही ठरवू नका. दोन दिवस न खाल्लेल्या कुठल्याही बदकाची विष्ठा हिरवी होते.

उपचार साधा आहे, पण त्यात कष्ट आहेत. सावलीत, तुसाच्या किंवा पेंढ्याच्या जाड गादीवर त्यांना छातीवर बसवा. दोन्ही बाजूंनी गोणपाटाच्या गुंडाळ्या लावा, म्हणजे कलंडणार नाहीत. मान लोळत असेल तर हनुवटीखाली दुमडलेला टॉवेल ठेवा. नाकपुड्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. दर दोन-तीन तासांनी कूस बदला आणि खालचं ओलं काढा. पोटातलं उरलेलं विष बाहेर पडावं म्हणून मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, देतात: एक चमचा तीसेक मिली पाण्यात विरघळवून, मोठ्या बदकाला एकदा. ते मेडिकलमधून आणा. खताच्या दुकानात त्याच नावाची पिशवी स्वस्तात मिळते, ती पिकासाठी असते. इथे एक धोका आहे. गिळता न येणाऱ्या बदकाच्या घशात चमच्याने काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं, आणि विषातून वाचलेलं बदक न्यूमोनियाने जातं. म्हणून आधी चोचीच्या कडेला पाण्याचा एक थेंब लावा. गिळलं तर हळूहळू द्या. नाही गिळलं तर हट्ट करू नका, दवाखान्यातून नळीने पाजून घ्या. नळी कशी घालायची ते एकदा बघितलंत तर पुढचं घरी जमेल.

ज्यांचे फक्त पाय गेलेत ती बदकं एक-दोन दिवस नीट पाणी आणि सावली मिळाली तर बऱ्यापैकी संख्येने उभी राहतात. ज्यांची मान गेली त्यांच्याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. श्वासाचे स्नायू गेले की संपलं. यावर प्रतिविष असतं, पण परसातल्या बदकासाठी ते वेळेत हाताशी येणं आपल्याकडे धरून चालू नका.

एन्रोफ्लॉक्सासिनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर आजच थांबवा. जंतूने आधीच बनवून ठेवलेल्या विषावर प्रतिजैविक काम करत नाही. शिवाय आजारी बदक पाणी पीतच नाही, म्हणजे औषध फक्त निरोगी पाचांच्या पोटात जातंय. ‘कोंबड्या मरतायत, काहीतरी द्या’ म्हणत गिऱ्हाईक आलं की दुकानदार हाताला लागेल ते देतो. त्याला एकट्याला दोष द्यावा असंही नाही, पण या सवयीपायी खेड्यापाड्यांत प्रतिजैविकं बोथट होत चालली आहेत.

बोट्युलिझमशी सगळ्यात जास्त गल्लत होते ती कीटकनाशकाच्या विषबाधेची. तुमच्याकडे आंब्याची बाग लागून असेल तर हे आधी तपासा. तुडतुड्यासाठी फवारणी झाली, पंप पाटाच्या पाण्यात किंवा तळ्याकाठी धुतला, आणि तेच पाणी बदकांनी घोटलं, असं कोकणात दर हंगामात कुठे ना कुठे घडतं. थिमेट, म्हणजे फोरेट, २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे, पण जुनी पुडी कोणाच्या पडवीत असेल याचा नेम नाही. फोरेटसारख्या ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या विषाने बदक ढिलं पडण्याआधी थरथरतं, चोचीतून चिकट लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पातळ हगवण लागते आणि खेळ तासा-दोन तासांत आटोपतो. तुमच्याकडे तीन दिवस एकेक करून पडतायत, म्हणून ही शक्यता मी खाली ठेवतो. पण लाळ आणि थरथर दिसली तर ॲट्रोपिन या उताऱ्यासाठी लगेच डॉक्टर हवा, तिथे एप्सम सॉल्टचा उपयोग नाही. उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइड खाल्लं असेल तर मेलेल्या पक्ष्याच्या चोचीला लसणासारखा वास येतो. शेजाऱ्यांना विचारताना आरोपाच्या सुरात विचारू नका, म्हणजे खरं उत्तर मिळेल.

मानमोडीचं म्हणाल तर ती, म्हणजे राणीखेत, हा कोंबड्यांचा काळ आहे. बदकाच्या अंगात तो विषाणू असू शकतो, पण बदकं त्याने क्वचितच आजारी पडतात. तुमच्याकडे राणीखेत घुसला असता तर कोंबड्या आधी गेल्या असत्या. शिवाय त्या आजारात मान पिळवटते, डोकं उलटं वळतं, तोल जातो. तुमच्या बदकीची मान लुळी पडली आहे, पिळवटलेली नाही.

तुमच्या वर्णनात बसत नाही, पण बदकं पाळणाऱ्याला माहीत असायलाच हवा असा आजार म्हणजे बदकांचा प्लेग. नेदरलँड्समध्ये १९२३ साली तो पहिल्यांदा नोंदला गेला, भारतात १९६३ मध्ये पश्चिम बंगालात. हा नागिणीच्या कुळातला विषाणू आहे. तो अंगाने भरलेली, अंड्यावरची, चांगली पोसलेली बदकं उचलतो. उजेड सोसत नाही म्हणून ती कोपऱ्यात डोळे मिटून बसतात, पापण्या चिकटतात, तहान प्रचंड, विष्ठा पाण्यासारखी, कधी रक्तमिश्रित. मेलेल्या नराचं लिंग बाहेर लोंबलेलं दिसलं तर प्लेगचा संशय पक्का धरतात. पोट उघडल्यावर अन्ननलिकेच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराजवळ पिवळट खपल्या, जागोजाग रक्ताचे ठिपके. मस्कोव्ही याला जास्त बळी पडतात. यावर औषध नाही, पण लस आहे: आठ ते बारा आठवड्यांच्या वयात कातडीखाली टोचतात आणि दर वर्षी पुन्हा. केरळात पालोडच्या सरकारी संस्थेत ती बनते. साथ सुरू झाल्यावरही अजून निरोगी दिसणाऱ्या बदकांना लगेच टोचली तर काही वाचतात. अडचण व्यवहाराची आहे. एक कुपी पुष्कळ पक्ष्यांसाठीची असते आणि विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. आसपासच्या चार-पाच घरांनी एकत्र येऊन दवाखान्यात मागणी नोंदवली तर काम होतं. अकरा बदकांसाठी एकट्याने विचारलंत तर कोणी मनावर घेत नाही.

बदकांचा कॉलरा, म्हणजे पाश्चुरेला जंतूचा आजार, रात्रीत मारतो. संध्याकाळी चरून आलेलं बदक सकाळी खुराड्यात आडवं, चोचीतून चिकट स्राव. उंदीर, मांजर, वराहाचा वावर आणि गर्दीचं ओलं खुराडं असलं की त्याला वाट मिळते. इथे मात्र वेळेत दिलेलं योग्य प्रतिजैविक जीव वाचवतं, आणि लसही आहे. पण जिवंत बदक दिवसभर शुद्धीवर लुळं बसून राहणं हे कॉलऱ्याचं चित्र नाही.

बर्ड फ्लूबद्दल मुद्दाम जास्त लिहितो, कारण लोक एक तर घाबरून लपवतात किंवा ‘आपल्याकडे कुठला’ म्हणून हसण्यावारी नेतात. देशातली पहिली नोंद आपल्याच राज्यातली, नंदुरबारच्या नवापूरची, फेब्रुवारी २००६ मधली. तिथेही मरणाऱ्या कोंबड्यांना आधी राणीखेतच समजलं गेलं होतं. तुमच्या जिल्ह्यात, उरणच्या चिरनेरमध्ये, २०२५ च्या जानेवारीत ती साथ सापडली. केरळच्या कुट्टनाडात २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ च्या सुरुवातीला बदकांचे कळपच्या कळप गेले. बदकाची गोम अशी की काही प्रकारचा विषाणू ते अंगात वागवतं आणि स्वतः धडधाकट दिसत शेजारच्या कोंबड्यांना देतं. दुसऱ्या प्रकाराने तेच बदक पटापट मरतं. लक्षणांत मेंदूची गडबड दिसते: डोकं थरथरतं, पाण्यात गोल गोल फिरतं, मान वाकडी होते, बुबुळ दुधासारखं पांढरट पडतं. एका दिवसात निम्मा कळप गेला, कोंबड्याही मरू लागल्या किंवा आसपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, पिशवीत घालून दवाखान्यातही नेऊ नका. फोन करा आणि तिथेच थांबा. अशा वेळी नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात.

बर्ड फ्लू ठरला तर साधारण एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत राहते, हे ऐकून लोक गप्प बसतात. पण हिशेब समजून घ्या. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. तुमच्या डोळ्यांदेखत आधीच मेलेल्यांची नाही. जितका उशीर कराल तितके पैसे कमी. शिवाय जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार असा संशय कळवणं मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या बाबतीत तीन दिवसांत अकरापैकी तीन गेली, कोंबड्या ठीक आहेत आणि मेंदूची लक्षणं नाहीत, म्हणून मी घाबरा म्हणत नाही. पण फोन करताना हे सगळं त्यांना सांगा आणि बदक आणायचं की त्यांनी यायचं हे त्यांनाच ठरवू द्या.

त्यांनी आणा म्हटलं तर कसं न्यायचं ते असं. सगळ्यात ताजं मेलेलं एक बदक घ्या, फुगलेलं, वास मारणारं नको. एकात एक दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा, थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलं की आतल्या अवयवांची चाळण होते आणि तपासणाऱ्याला काही वाचता येत नाही. सोबत चिठ्ठी: वय, एकूण किती, किती मेली, कधीपासून, खाद्य कुठलं, नवं बदक कधी आणलं, लस दिली का, तळं कसं आहे. ही चिठ्ठी रक्ताच्या नमुन्याइतकीच उपयोगी पडते. जिल्ह्यात जमलं नाही तर नमुना पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो. बोट्युलिझमच्या शवविच्छेदनात गंमत अशी की बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. यकृत नितळ, आतडं ठीक, रक्ताचे ठिपके नाहीत. पण जठर उघडलं आणि दगडी-वाळूत पांढऱ्या अळ्या किंवा त्यांची कातडी मिळाली, तर मला पुढचं काही विचारावं लागत नाही. घरी स्वतः बदक चिरून बघू नका, कारण आत काय आहे ते चिरल्यावरच कळतं.

बाकीची मेलेली बदकं पुरा. निदान तीन फूट खड्डा, खाली आणि वर चुन्याचा थर, विहिरीपासून आणि पाटापासून लांब, वर दगड. ओढ्यात किंवा झाडीत फेकलेलं बदक कोल्हा-कुत्रा ओढत पुन्हा कोणाच्या तरी परसात आणतो.

खाद्याचंही एकदा बघून घ्या. बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, कोंबडी पचवते त्याच्या कितीतरी कमी मात्रेत बदकाचं यकृत निकामी करतं. इंग्लंडमध्ये १९६० साली लाखभर टर्की पक्षी मेले, सोबत बदकांची पिल्लंही. कारण निघालं बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड, आणि त्यातूनच हे विष जगाला कळलं. ओल लागलेला मका, गाठी झालेला भरडा, काळपट पेंड बदकाला घालू नका, ‘कोंबड्या खातात की’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. मासळी बाजारातली घाण किंवा चिकनच्या दुकानातली आतडी आणून घालत असाल तर ती लगेच बंद. उन्हात दुपारभर पडलेली कोलंबीची टरफलं आणि माशांची डोकी म्हणजे तळ्याशिवायचं बोट्युलिझमच. मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये मांस टांगून खाली अळ्या पाडायची ‘फुकट प्रथिनां’ची बादली दाखवतात. तो प्रकार बदकांच्या जवळपासही नको.

पिल्लांचा हिशेब वेगळा असतो. तुमच्याकडे नाहीत, म्हणून एवढंच: तीन-चार आठवड्यांच्या आतली पिल्लं मान मागे ताणून, पाय झाडत तासा-दोन तासांत मेली तर विषाणूजन्य हिपॅटायटिस आठवायचा. यंत्रातून किंवा कोंबडीखाली काढलेली पिल्लं पहिल्याच आठवड्यात पाण्यात सोडून गारठून मेली तर तो आजार नव्हे. आईच्या पिसांवरचं तेल त्यांना लागलेलं नसतं, म्हणून ती भिजतात.

अंडी खाऊ नका. बदकांना बाधणारं विष माणसाला सहसा त्रास देत नाही, पण निदान झालेलं नाही आणि त्या पाचांच्या पोटात एन्रोफ्लॉक्सासिन गेलंय. त्याचा अंश अंड्यात बरेच दिवस उतरत राहतो. डॉक्टर मोकळीक देतील तोवरची अंडी खड्ड्यात टाका, विकू तर नकाच. आजारी बदक ‘वाया जाण्यापेक्षा’ कापून खाण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तोही सोडा.

तळ्याचं म्हणाल तर चुना टाकून बीजाणू मरतील अशी आशा ठेवू नका, ते गाळात राहणारच. आपल्याला त्यांना संधी नाकारायची आहे. पावसाला अजून अवधी आहे तोवर उरलेलं पाणी उपसून गाळ काढा आणि तो बदकं जाणार नाहीत अशा जागी पसरून उन्हात वाळवा. काठ उथळ, पसरट असतील तर ते तोडून उभे करा. धोका मधल्या खोल पाण्यात कमी असतो, कडेच्या वीतभर कोमट पाण्यात जास्त. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊन तळं भरलं, पाणी वाहतं झालं आणि काठावर मेलेलं काही नाही याची खात्री झाली, की बदकं सोडा. पुढच्या वर्षीपासून पाणी गुडघ्याच्या खाली आलं की तळं बंद आणि घमेलं चालू. शिवाय मार्च ते जून रोज सकाळी बदकं सोडण्याआधी काठाने एक फेरी मारा.

मेलेल्यांची जागा भरायला आठवडी बाजारातून लगेच बदकं आणू नका. इथे तपासणीचा निकाल येऊ द्या. नवीन आणाल तेव्हा ती जुन्यांपासून लांब, वेगळ्या भांड्यांत तीन आठवडे ठेवा आणि त्यांचं काम जुन्यांनंतर करा, आधी नाही. लसीचं वय झालेलं असेल तर टोचूनच मिसळा. आणि आजच्या तिघांपैकी कोणी उद्या सकाळपर्यंत स्वतः मान उचलून घमेल्यात चोच घातली, तर लगेच दाणे टाकू नका. आधी दोन दिवस पातळ भिजवलेला कोंडा आणि कणी द्या, मग नेहमीचं खाद्य.